ब्रेक कुणाचा?

माझं ड्रायव्हिंग स्कूल जिच्यामुळे तीस दिवस बंद राहिलं, त्या मुलीची मी आभारी आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकते. पुढे माझा स्वभाव आडवा येईल आणि ते राहून जाईल.

मी मंदाकिनी ओव्हाळ. पुण्याच्या वारज्यात माळवाडीच्या रस्त्याला माझं स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक शटर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पांढरी गाडी. माझे मिस्टर ज्ञानदेव शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते मला मोकळ्या मैदानावर न्यायचे आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या गाडीवर शिकवायचे. शेजारच्या बायका हसायच्या. ते गेले तेव्हा मुलगा सातवीत होता आणि माझ्यापाशी कमाईचं म्हणावं असं तेवढंच एक शिक्षण होतं. त्याच्यावर आम्ही दोघं जगलो. सकाळी घरात बुद्धवंदना आणि पंचशील झालं की मी ज्ञानदेवांच्या फोटोकडे बघून मनातल्या मनात आभार मानते. याला आता बावीस वर्षं झाली.

माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं अठरा ते बावीस वयाची. आईवडील सोडायला येतात, फी विचारतात, आणि जाता जाता म्हणतात, ‘‘मॅडम, जरा शिस्तही लावा याला.’’ म्हणजे बारा वर्षं शाळेत आणि तीन वर्षं कॉलेजात जी लागली नाही ती मी वीस दिवसांत लावायची, गाडी शिकवता शिकवता. वर फीमध्ये काही कमी होईल का, हे आहेच. मी कमी करत नाही. शिस्त मात्र लावते.

माझ्याकडे गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारावी लागते आणि खाली वाकून बघावं लागतं, कारण वारज्यातली निम्मी कुत्री गाड्यांखाली झोपतात. दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा पडला तर मालक येईपर्यंत तिथं उभं राहावं लागतं. एकदा एका पोराला घेऊन मी पावणेदोन तास उभी होते. पण माझं खरं शिकवणं एका प्रश्नात आहे. तो समजायला गाडी समजली पाहिजे. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. मी माझा ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो. गाडी थांबते. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय वेळेवर थांबवली. ती कुणी थांबवली हे दोनच माणसांना कळतं, त्याला आणि मला. म्हणून गाडी थांबली की दर वेळी मी विचारते, ‘‘ब्रेक कुणाचा?’’

त्यानं सांगायचं. ‘माझा’ किंवा ‘तुमचा’.

सोपं वाटतं ना? शुभंकर म्हणून एक मुलगा आहे, महामार्गाकडच्या नव्या टॉवरमधला. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा थांबली आणि अकराही वेळा तो म्हणाला, ‘‘माझा.’’ त्यातले नऊ माझे होते. अशा वेळी मी गाडी बाजूला घ्यायला लावते आणि गप्प बसते. माझं बोलणं लोक सहन करतात, गप्प बसणं कुणाला सहन होत नाही. पाच मिनिटांनी तो म्हणाला, ‘‘ओके, ओके, नऊ तुमचे होते. बट मॅडम, रिझल्ट तर सेम आहे ना? गाडी थांबली.’’

‘‘आज थांबली,’’ मी म्हटलं. ‘‘उद्या तुझ्या शेजारी मी नसेन, तुझी आजी असेल. तेव्हा तिला सांग रिझल्ट सेम आहे म्हणून.’’

मला या प्रश्नाचा फार अभिमान होता. तो अभिमान मोडला तो राजनंदिनीमुळे.

राजनंदिनी एकवीस वर्षांची. वडील उत्तरेश्वर एका सोसायटीवर वॉचमन, आई सुशीलाबाई चार घरी स्वयंपाकाला. माणसं धाराशिवकडची, पण पोरगी इथेच वाढलेली, बाहेरून बी.कॉम. करणारी. पहिल्या दिवशी तिनं गाडीभोवती चक्कर मारली, वाकून बघितलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘‘मॅडम, मला चढाची भीती वाटते. आधीच सांगून ठेवते.’’ या वयाचं पोर ‘भीती वाटते’ असं स्वतःहून सांगतं, हे मी बावीस वर्षांत फार वेळा पाहिलेलं नाही. तिला ‘तुमचा’ म्हणायला लाज वाटत नसे. ‘‘तुमचा, मॅडम. माझा पाय क्लचवरच राहिला.’’ आणि पुढच्या वेळी तीच चूक कमी व्हायची. मी कुणाचं कौतुक तोंडावर करत नाही, तिचंही केलं नाही. पण सहाची बॅच तिची असली की मी चहा न घेता खाली उतरायचे.

तिला नोकरी लागली होती. एक संस्था डायलिसिसच्या पेशंटना घरून आणते आणि परत सोडते. गाड्यांवर सगळ्या बायका ड्रायव्हर. मुलाखत झाली, निवड झाली, एक तारखेला लायसन घेऊन हजर व्हा असं पत्र आलं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत दोन वर्षं झाली होती, ते या पगारावर ठरलं होतं. टेस्ट होती चोवीस तारखेला. नापास झाली तर पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची, म्हणजे नोकरी गेली. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं काही दिवस मला वाटत होतं.

टेस्टच्या दिवशी आरटीओचे इन्स्पेक्टरसाहेब मागच्या सीटवर बसले, राजनंदिनी स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. नियम असा की शिक्षकानं हात मांडीवर ठेवायचे आणि पाय मागे घ्यायचे, पेडलपासून लांब. बरेच जण टेस्टमध्ये हळूच पाय लावतात. आमच्या धंद्यात त्याला ‘आधार देणं’ म्हणतात, म्हणजे ऐकायलाही बरं वाटतं. मी कधी दिला नव्हता. आणि हे मी सगळ्यांना सांगतही होते, जरा जास्तच.

आठचा आकडा तिनं सुंदर काढला. गाडी मागे घेऊन उभी केली. मग चढ. मध्यावर थांबायचं, हँडब्रेक लावायचा, आणि गाडी मागे न जाऊ देता परत उचलायची. मागे पांढरी रेघ असते, तिला चाक लागलं की नापास. ती थांबली. हँडब्रेक सोडला. क्लच धरायच्या आधी सोडला. गाडी मागे निघाली.

माझा पाय आपोआप गेला, असं मी पुढचे चार-पाच दिवस सगळ्यांना सांगितलं. आपोआप काही गेला नव्हता. चढ यायच्या आधीच मी तो पुढे सरकवून ठेवला होता.

गाडी रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली. राजनंदिनीनं श्वास घेतला, क्लच नीट धरला आणि गाडी चढून गेली. वर सपाटीला आल्यावर साहेब मागून म्हणाले, ‘‘जरा मागे आली, पण वेळेत थांबवलीस. चालेल. पुढे घे.’’

‘‘साहेब,’’ राजनंदिनी म्हणाली, ‘‘ब्रेक माझा नव्हता. मॅडमचा होता.’’

आरशात साहेबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी पेन खाली घेतलं. ‘‘काय म्हणालीस?’’

तिनं तेच परत सांगितलं, तसंच, सहाच्या बॅचला मला सांगायची त्या आवाजात. तेव्हा तिच्या लक्षात आलं असावं की आज विचारलं कुणीच नव्हतं. तिची मान हळूहळू खाली गेली.

साहेब फारसं बोलणारे गृहस्थ नव्हते. राजनंदिनीला त्यांनी नापास केलं आणि माझ्या हातात नोटीस दिली, सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा म्हणून.

परत येताना गाडी मी चालवत होते. ती शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. कर्वेनगरच्या सिग्नलला मी तोंड उघडलं, आणि उघडलं नसतं तर बरं. ‘‘खरं बोलायची एवढी हौस होती, तर गाडी मागे कशाला जाऊ दिलीस?’’

‘‘सॉरी मॅडम. तोंडातून निघून गेलं.’’ मग, अगदी हळू, ‘‘पण खोटं नव्हतं ना?’’

वारज्याच्या पुलाखाली मी गाडी बाजूला घेतली आणि तिला म्हटलं, ‘‘उतर.’’ तिचं घर तिथून दोन किलोमीटर होतं. ती उतरली, दार हळू लावलं. दार आपटायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं.

माझी कागदपत्रं माझा भाचा तेजस बघतो. हिंजवडीला नोकरी, दिवसभर लॅपटॉप. नोटीस वाचून तो हसला. ‘‘मावशी, टेन्शन नको घेऊ. सिंपल आहे. लिहायचं, दोन्ही पेडल जोडणारं लिंकेज जॅम झालं होतं, आपोआप दाबलं गेलं. मेकॅनिकल फॉल्ट. गॅरेजचं लेटर मी आणतो. मुलीचा गैरसमज झाला, बस. तिच्या शब्दाशिवाय त्यांच्याकडे प्रूफ काय आहे?’’

‘‘आणि खरं लिहिलं तर?’’

‘‘तर स्कूल बंद. महिना, तीन महिने, सहा महिने, त्यांच्या मूडवर. तू ठरव.’’

मी त्याला म्हटलं, आण लेटर. तो तिसऱ्या दिवशी घेऊन आला. गॅरेजचा शिक्का, सही, सगळं चोख. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

त्या तीन-चार दिवसांत बॅच चालू होत्या. सकाळी सहाला मी उतरत होते, पोरं चक्कर मारत होती, गाडी सुरू होत होती, थांबत होती. एका सकाळी शुभंकर पुलापाशी थांबला, हँडब्रेक लावला आणि माझ्याकडे बघत बसला.

‘‘चल ना पुढे,’’ मी म्हटलं.

‘‘मॅडम, तुम्ही विचारलं नाहीत.’’

‘‘काय?’’

‘‘ब्रेक कुणाचा. तीन दिवस झाले, तुम्ही विचारतच नाही आहात. आज सगळे माझे होते, मॅडम. फर्स्ट टाइम. आणि तुम्ही विचारलंच नाही.’’

पोरगा खरोखर दुखावला होता. अकरापैकी नऊ ब्रेक स्वतःच्या नावावर खपवणारा तो, आणि आता त्याला त्या प्रश्नाची सवय लागली होती. मी त्याला म्हटलं, ‘‘शाबास.’’ प्रश्न मात्र माझ्या तोंडून निघेना. मी कुठल्या तोंडानं विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला बसले. पंचशील मी लग्नाआधीपासून म्हणते, झोपेतही म्हणेन. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याच्याशी आले आणि माझा आवाज खाली गेला. मी थांबले. ज्ञानदेवांच्या फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला, कारण ज्या पोरीला मी पुलाखाली उतरवून आले होते, तिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा मला दाखवून दिलं होतं की मी शिकवते ते कुणी तरी खरंच शिकतं. शिकवणाऱ्याला याहून मोठं काय मिळतं? आणि मी काचेखाली कागद ठेवला होता, ती खोटी आहे म्हणून.

मी काचेखालचं लेटर काढलं आणि फाडलं. साध्या वहीच्या कागदावर लिहिलं: टेस्टमध्ये चढावर ब्रेक मी दाबला. गाडीत बिघाड नव्हता. उमेदवार राजनंदिनी हिनं सांगितलं ते शब्दशः खरं आहे. खाली सही केली आणि बसनं आरटीओत जाऊन स्वतःच्या हातानं देऊन आले.

इन्स्पेक्टरसाहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून परत वाचलं. ‘‘ओव्हाळबाई, लिंकेज जॅमची पत्रं इथं ढिगानं येतात,’’ ते म्हणाले. ‘‘असलं पत्र पहिल्यांदाच आलं. कुठल्या फाइलला लावायचं हेच कळत नाही.’’ आणि तीस दिवस स्कूल बंदचा आदेश आला. पहिलीच चूक आणि स्वतःहून कबुली म्हणून तीसच.

तेजसनं माझ्याशी अबोला धरला.

शटरवर मी पाटी लावली. ‘टेस्टमध्ये शिकाऊ मुलीऐवजी मी ब्रेक दाबला, म्हणून तीस दिवस बंद. मुलीची चूक नाही. फी परत हवी असल्यास फोन करावा. सल्ला देण्यासाठी करू नये.’ अकराजणांपैकी पाचजणांनी फी परत नेली. शुभंकरचे वडील फोनवर म्हणाले, ‘‘आम्ही थांबतो. तो आता घरीही आईला सांगतो, दूध मीच सांडलं म्हणून. हे काय प्रकरण आहे मॅडम, आम्हाला कळत नाही, पण थांबतो.’’

हे सगळं करून झालं, आणि जिथं पहिल्यांदा जायला हवं होतं तिथं मी शेवटी गेले. एक तारीख उलटून गेली होती. राजनंदिनीच्या जागी दुसरी मुलगी लागली होती.

त्यांची खोली रामनगरच्या चढावर आहे. सुशीलाबाई दुपारच्या घरांवरून नुकत्या आल्या होत्या, दारात मला बघून त्यांचा चेहराच उतरला. ‘‘या की वो मॅडम, बसा. मी येणारच होते तुमच्याकडं. कुठल्या तोंडानं यावं कळंना.’’ आणि आत वळून ओरडल्या, ‘‘नंदे, बाहेर ये. पाया पड मॅडमच्या. हिच्यापायी तुमची शाळा बंद पडली. लेकराला अक्कल न्हाई, कुठं काय बोलावं त्याची.’’

राजनंदिनी बाहेर आली. ती खरंच वाकायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

‘‘मारलं बी मी हिला,’’ सुशीलाबाई म्हणाल्या. ‘‘त्याच दिवशी. चालत आली एवढ्या उन्हाची, मी इचारलं काय झालं, तर सांगितलं हिनं सगळं. मी म्हटलं, गप बसली असतीस तर तुझं काय गेलं असतं? लई मारलं.’’

मला वाटलं होतं, मी जाईन, एक वाक्य बोलेन आणि निघेन. ते जमलं नाही. मी खाली चटईवर बसले.

‘‘सुशीलाबाई,’’ मी म्हटलं, ‘‘चूक माझी आहे. पाय मी लावला. लावायचा नव्हता, मला माहीत होतं, तरी लावला. ही खरं बोलली. वीस दिवस रोज मी तिला हेच शिकवत होते, आणि ती बोलली तेव्हा मीच तिला रस्त्यावर उतरवून दिलं. तिची नोकरी माझ्यामुळे गेली. त्या दिवशी तिला कुणी तरी शाबासकी द्यायला हवी होती, आणि ते काम माझं होतं. मी उशिरा आले.’’ मग राजनंदिनीकडे वळून म्हटलं, ‘‘पोरी, माझं चुकलं. आणि तुझे उपकार आहेत माझ्यावर.’’

बावीस वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द मी एकाही विद्यार्थ्यासमोर उच्चारले नव्हते. सुशीलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही भिंतच बोलली. ‘‘मॅडम, तुम्ही बी चुकता?’’

‘‘चुकते की.’’

राजनंदिनीनं पाण्याचा तांब्या आणला. मग म्हणाली, ‘‘मॅडम, माझी पुढची तारीख पंधरा आहे. दुसऱ्या स्कूलची गाडी मिळेल टेस्टला, पण चढाची प्रॅक्टिस राहिलीये. तुमचं स्कूल तर बंद आहे.’’

‘‘स्कूल बंद आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मी चालू आहे.’’

तेजसची गाडी मागून घेतली. तो म्हणाला, ‘‘क्लच जाळू नका,’’ आणि किल्ली दिली. आमचा अबोला असा संपला. पुढे-मागे लाल एल चिकटवला आणि फी न घेता, पहाटे रस्ता मोकळा असताना, आम्ही रामनगरचा चढ धरला. घरच्या गाडीत माझ्या बाजूला पेडल नसतं. पहिल्या दिवशी गाडी मागे निघाली तेव्हा मी पायाखालचं पायपुसणं इतक्या जोरानं दाबलं की गुडघ्यात कळ आली. गाडी चार हात मागे गेली आणि थांबली. परत वर, परत मध्येच थांब, परत उचल. दहा दिवस. मला कळून चुकलं की चढाची भीती तिच्याइतकीच मलाही होती. मी फक्त इतकी वर्षं ब्रेकवर पाय ठेवून बसले होते.

पंधरा तारखेला ती पास झाली. मी कुंपणाबाहेर उभी होते, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. गाडी चढली, एवढंच लांबून दिसलं. कुंपणाची जाळी मी दोन्ही हातांनी धरली होती, हे नंतर तळव्यांवरच्या वळांवरून कळलं.

नोकरी लगेच मिळाली नाही. संस्थेनं पहिल्यांदा सांगितलं, जागा भरली. राजनंदिनीनं टेस्ट का हुकली ते त्यांना खरंखरं सांगितलं होतं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि नंबर लिहून घेतला. दीड महिन्यानं दुसरी गाडी आली, तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. वडिलांचं ऑपरेशन त्या हिशेबानं पुढे गेलं. तो दीड महिना त्या घराला कसा गेला हे मला माहीत आहे, म्हणून सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही.

लायसन टपालानं आलं त्या आठवड्यातल्या रविवारी ती सकाळीच माझ्या दारात हजर. हातात लायसन, मागे सुशीलाबाई, इरकली साडी नेसून. ‘‘मॅडम, आईला गाडीतून फिरवायचंय. तेजसदादांना विचारलंय मी. पण तुम्हीही चला.’’

तिनं गाडीवरचे दोन्ही एल नखानं खरवडून काढले. सुशीलाबाई मागचं दार उघडायला लागल्या. मी म्हटलं, ‘‘तुम्ही पुढे बसा. ती माझी जागा नाही आता.’’ त्या पुढे बसल्या, पदर पोटाशी धरून, पाय अवघडून. मी मागे बसले. राजनंदिनीनं आरसा लावला, सीट पुढे घेतली, किल्ली लावली.

‘‘नंदे,’’ सुशीलाबाई म्हणाल्या.

‘‘हं.’’

‘‘त्या दिवशी मारलं मी तुला.’’ त्या समोर काचेकडे बघत बोलत होत्या. ‘‘खरं बोललीस म्हणून मारलं. माझं चुकलं, बाळा.’’

गाडी चालू होती, पण राजनंदिनीनं गिअर टाकला नाही. मी मागच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आईनं पोरीची माफी मागितली होती. माझ्या आईनं कधी माझी मागितली नव्हती, मी माझ्या मुलाची मागितली नव्हती. सुशीलाबाई हे कुठून शिकल्या ते मला ठाऊक होतं, त्या दुपारी त्या चटईवर मीही बसलेली होते. आणि मला ते ज्या मुलीनं शिकवलं ती समोर स्टिअरिंगवर हात ठेवून, तोंड घट्ट मिटून बसली होती, नाहीतर रडली असती.

मग ती आईकडे वाकली. ‘‘आई, सीटबेल्ट लावायचा असतो,’’ ती म्हणाली, आणि पट्टा ओढून तिनंच तो आईला लावला.